न वाजणाऱ्या गजराची थोरवी

खोटा गजर हा सार्वजनिक शांततेचा शत्रू आहे, याबद्दल आता दुमत राहिलेले नाही. टपावर मांजर चढले म्हणून शेजारची मोटार पहाटेपर्यंत कोकलते, दुकानाच्या शटरचा भोंगा नेमका सुट्टीच्या दिवशी जागा होतो, आणि दार अर्धवट राहिले की लिफ्ट हिंदीत विनवण्या सुरू करते. या गोंगाटात गेल्या काही वर्षांत आणखी एका आवाजाची भर पडली आहे. अपस्मार असलेल्या माणसाच्या मनगटावरचे घड्याळ. झटका आला, म्हणजे आपल्या बोलण्यात फिट आली, की हे घड्याळ फोनला कळवते आणि फोन घरच्यांना, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना उठवतो. हेतू चांगला आहे. अडचण एवढीच की हे घड्याळ फिट आलेली नसतानाही उठवते. यावर सुज्ञ नागरिकांनी जो उपाय शोधला आहे, त्याची म्हणावी तशी दखल अजून कोणी घेतलेली नाही. त्यांनी गजरच बंद केला. हा उपाय किती विचारपूर्वक योजलेला आहे आणि त्याला किती थोर परंपरा आहे, हे दाखवण्याचा हा अल्प प्रयत्न.

आधी घड्याळाची बाजू न्यायबुद्धीने ऐकून घेऊ. डॉक्टर ज्याला टॉनिक-क्लोनिक झटका म्हणतात त्यात आधी शरीर ताठ होते, मग हातपाय लयीत झटकू लागतात. हा प्रकार बहुधा एक ते तीन मिनिटांत थांबतो. पाच मिनिटांपुढे गेला तर धावपळ करावी लागते. आपली पावले मोजणारा जो एक्सलरोमीटर घड्याळात असतो, तोच हे झटकेही मोजू शकतो. ‘ओपन सीझर डिटेक्टर’ हे फुकट मिळणारे ॲप ब्रिटनमधल्या एका वडिलांनी आपल्या मुलासाठी लिहायला घेतले. मनगट सेकंदाला साधारण तीन ते आठ वेळा हलते आहे का, एवढे ते पाहते. ती हालचाल काही सेकंद टिकली की आधी इशारा देते आणि मग गजर करते. ‘एम्ब्रेस’ नावाच्या घड्याळाला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली. ते हालचालीबरोबर त्वचेतले, घामाशी निगडित असलेले विद्युत बदलही टिपते. नेदरलँड्सचे ‘नाइटवॉच’ दंडावर बांधायचे असते आणि ते हालचालीला हृदयाच्या ठोक्यांची साक्ष जोडते.

आता मनगट सेकंदाला तीन ते आठ वेळा हलवण्याचा मक्ता काही एकट्या अपस्माराने घेतलेला नाही. दात घासणे ही या घड्याळांची जगन्मान्य अडचण आहे. मराठी घर याबाबतीत जगाच्या बरेच पुढे आहे. आपण ताक घुसळतो, खलबत्त्यात लसूण ठेचतो, ऑम्लेटची अंडी फेटतो, करपलेल्या पातेल्याचा तळ तारेच्या घासणीने घासतो आणि शर्टाची कॉलर ब्रशने. तबल्याचा रियाज द्रुत लयीत शिरला की घड्याळाच्या पोटात गोळा येतो. गणपतीत पाचवी आरती संपत आली, मोदक दिसू लागले, की घरातल्या पोरांच्या टाळ्यांचा वेग असा वाढतो की घड्याळाने रुग्णवाहिका बोलावली तर त्याला दोष देता येणार नाही. आणि ढोल-ताशा पथकातल्या ताशेवाल्याला तर हे यंत्र सरावाचे दोन महिने रोज संध्याकाळी अत्यवस्थ ठरवील. अशा संस्कृतीत असे यंत्र आणणे हाच मुळात अविचार होता, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर नाही.

पुण्याच्या एका उपनगरातल्या सोसायटीने हा प्रश्न ज्या परिपक्वतेने हाताळला ते पाहण्यासारखे आहे. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बारावीतली एक मुलगी राहते. तिच्या घड्याळाचा गजर चार फोनवर जातो: आई, वडील, कल्याणचे मामा आणि समोरच्या दारातले काका. वडिलांची फिरतीची नोकरी, मामांना यायला तीन तास, त्यामुळे काकांचा नंबर घालण्यात कुटुंबाने दूरदृष्टी दाखवली होती हे मान्य करायला हवे. पहिल्यांदा गजर झाला तेव्हा काका बनियनवर, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात काकूंची चप्पल घालून धावले. मुलगी झोपेत डास चावलेली पोटरी खाजवत होती. दुसऱ्यांदा ती बेसिनपाशी दात घासत होती. तिसऱ्यांदा काका दारापर्यंत गेले, कान देऊन ऐकले आणि परत फिरले. चौथ्यांदा त्यांनी कूस बदलली. मग एके दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा ते अतिशय सौजन्याने म्हणाले, “वहिनी, माझा नंबर तेवढा काढून टाका. खरंच काही असलं तर बेल वाजवा ना, मी आहेच.” यातला समंजसपणा वाचकांच्या नजरेतून सुटू नये. मुलीला कुशीवर वळवण्यात, तिचे डोके पलंगाच्या कडेपासून वाचवण्यात ज्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतील, तिने तेवढ्यात बाहेर येऊन समोरची बेल दाबावी, इतकीच माफक अपेक्षा काकांनी ठेवली.

पुढे हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत आला. टँकर, पार्किंग आणि कबुतरे यांच्यानंतर. ठराव असा झाला: ‘रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वैद्यकीय स्वरूपाचे गजर सभासदांनी सायलेंटवर ठेवावेत. अत्यावश्यक प्रसंगी सुरक्षारक्षकाकडील वहीत नोंद करून सहकार्य करावे.’ सूचक आणि अनुमोदक दोघेही निवृत्त अधिकारी होते, त्यामुळे भाषेत कुठे खोट काढायला जागा नाही. ठराव एकमताने संमत झाला. वहिनी सभेला नव्हत्या; आदल्या रात्री जागरण झाल्यामुळे त्या झोपल्या होत्या.

काही वाचकांना वाटेल की हा शहरी निष्ठुरपणा आहे. तसे वाटणे गणित न आल्याचे लक्षण आहे. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळ दर दहा सेकंदांनी एकदा निर्णय घेते असे धरू. म्हणजे दिवसाला ८,६४० निर्णय. हजारात एकदाच चुकणारे घड्याळ कोणत्याही सरकारी खात्यापेक्षा कार्यक्षम म्हणायला हवे, तरी ते दिवसाला आठ-नऊ वेळा खोटे वाजेल. बिचाऱ्या काकांना हे कोणी समजावून सांगितले नव्हते, पण चार रात्रींत ते स्वतःच्या बळावर या निष्कर्षाप्रत आले. दुर्मीळ गोष्टीवर पहारा ठेवायचा म्हटले की पहारेकरी बहुतेक वेळा उगाचच ओरडणार, हा संभाव्यतेचा नियम आहे. त्यात घड्याळाचा दोष नाही आणि काकांचाही नाही.

याच गणिताचा पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. समजा, महिन्याला दोन झटके येतात आणि प्रत्येक दोन मिनिटे टिकतो. तीस दिवसांतल्या २,५९,२०० निर्णयांपैकी फक्त २४ निर्णय झटक्याच्या वेळचे. आता कधीच न वाजणारे घड्याळ घेऊ. उरलेल्या २,५९,१७६ वेळा ते अगदी बरोबर असते. त्याची अचूकता ९९.९९ टक्के भरते आणि खोट्या गजरांची संख्या शून्य. ज्या निर्मात्याला आपल्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडा छापायचा असेल त्याने याहून चांगला आकडा आणायचा कुठून? या घड्याळाला चार्जिंग लागत नाही, फोन लागत नाही, खरे तर घड्याळही लागत नाही. ते २४ निर्णय चुकतात खरे. पण चोवीसासाठी अडीच लाखांना वेठीला धरावे, असे लोकशाहीत तरी कोणी म्हणणार नाही.

मधला मार्ग ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी संवेदनशीलता कमी करण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असतेच. झटका अधिक जोराचा हवा, अधिक वेळ टिकायला हवा, मगच गजर. सेटिंगमधली ती पट्टी बोटाने जरा डावीकडे सरकवली की पहिल्याच रात्री फरक जाणवतो. आणखी सरकवली की आणखी शांत. पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला जी झोप लागते तिचे वर्णन करायला अनुभवी माणूसच हवा. डावीकडे जाताना आपण खोटे गजर आणि खरे गजर या दोघांनाही एकाच दारातून बाहेर काढत असतो, अशी कुरकुर काही लोक करतात. पण घर झाडायला घेतले की एखाद-दुसरी कामाची वस्तू केरात जायचीच.

ग्राहकांच्या अभिप्रायांनीही हीच दिशा दाखवली आहे. ‘दात घासताना वाजले, एक तारा.’ ‘बायकोची झोपमोड, एक तारा.’ ‘तीन दिवस वापरले, एकदाही त्रास नाही, पाच तारे.’ लोकांच्या भावना इतक्या स्पष्ट असताना कंपन्यांनी वेगळे वागावे तरी का? खोटा गजर झाला म्हणून तक्रार करणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत, नीट शुद्धलेखन तपासून तक्रार लिहू शकतो. गजर झाला नाही अशी तक्रार ज्याने करायची, त्याच्याकडून मात्र पुष्कळदा काही लिहून येत नाही. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा मृत्यू असा अचानक, दुसरे कोणतेही कारण न सापडता होतो. बहुधा रात्री, मोठ्या झटक्यानंतर, पालथ्या अवस्थेत, खोलीत दुसरे कोणी नसताना. बाजाराच्या दृष्टीने हा अत्यंत समाधानी ग्राहकवर्ग आहे. त्याने कोणालाही एक तारा दिल्याचे ऐकिवात नाही.

संशोधक मंडळी मात्र हा सरळ रस्ता सोडून आडवाटेने चालली आहेत. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठ्ठावीस रुग्णांवर हजाराहून अधिक रात्री नाइटवॉच वापरून पाहिले गेले. मोठ्या झटक्यांपैकी सुमारे ८५ टक्के त्याने पकडले. गादीखाली ठेवायच्या जुन्या सेन्सरने २१ टक्के. गजरांपैकी जवळपास निम्मे खरे निघाले. एका खोट्यामागे एक खरा, हा व्यवहार या लोकांना चक्क फायद्याचा वाटतो. कारण काय, तर नुसत्या हालचालीवर विश्वास न ठेवता हृदयाचे ठोकेही विचारात घेतले. ताक घुसळताना हृदय काही झटक्यासारखे उसळत नाही. इतकी साधी युक्ती करायला एवढ्या रात्री घालवाव्या लागतात, यावरूनच हा मार्ग किती कष्टाचा आहे ते कळते.

त्याहून अव्यवहार्य कागद २०२१ चा आहे. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी त्यात सांगितले की, मोठ्या झटक्यांसाठी ही उपकरणे उपयोगी आहेत, पण नीट तपासून सिद्ध झालेलीच वापरावीत. विशेषतः जो माणूस एकटा असतो आणि गजर झाल्यावर पाच मिनिटांत ज्याच्यापर्यंत कोणीतरी पोचू शकते, त्याच्यासाठी. इतर प्रकारच्या झटक्यांसाठी त्यांनी शिफारस केलीच नाही. यातले ‘पाच मिनिटांत कोणीतरी’ हे कलम नीट वाचावे. घड्याळ हप्त्यावर मिळते. पाच मिनिटांत पोचणारा माणूस कोणत्या दुकानात मिळतो? ज्या शिफारशीत यंत्राबरोबर शेजारीही लागतो, ती आपल्याकडे राबवणे किती कठीण आहे, याची त्या तज्ज्ञांना कल्पना नसावी.

आपला उपाय अडाण्यांचा आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने मोठमोठ्या उद्योगांकडे पाहावे. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या तरंगत्या तळावर स्फोट झाला आणि अकरा कामगार गेले. त्या तळावर धोक्याचा सर्वसाधारण गजर होता, उत्तम होता. फक्त तो आपोआप वाजू नये अशी व्यवस्था करून ठेवलेली होती. सेन्सरला धोका कळे, नियंत्रणकक्षातल्या पडद्यावर तो दिसे, पण भोंगा गप्प राही. कारण विचारले तेव्हा तळावरच्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने त्याच वर्षी जुलैमध्ये चौकशीत सांगितले की, खोट्या गजराने पहाटे तीनला लोकांची झोपमोड होऊ नये, अशी वरिष्ठांची इच्छा होती. अब्जावधी डॉलरच्या उद्योगाला आणि आपल्या बी विंगला एकच विचार सुचावा, याला योगायोग म्हणता येणार नाही. विचारच तसा पक्का आहे.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात वायुगळती झाली त्याच्या आधीच त्या कारखान्यात भोंग्याची अशी सोय करून ठेवली होती की आतल्या कामगारांना इशारा मिळावा, पण किरकोळ गळतीसाठी बाहेरच्या वस्तीची घबराट होऊ नये. त्या रात्री मोठा भोंगा सुरू झाला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. वस्तीच्या झोपेची इतकी काळजी करणारा कारखाना त्यानंतर देशात झाला नाही. हजारो माणसांना त्या रात्री घबराटीचा त्रास भोंग्यामुळे झाला नाही, हे त्याच्या शत्रूंनाही नाकारता यायचे नाही.

वैद्यकीय क्षेत्रही मागे नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये इशारा प्रसिद्ध केला. रुग्णाच्या उशाशी वाजणाऱ्या गजरांपैकी ८५ ते ९९ टक्के गजरांवर काहीच करावे लागत नाही, असा अंदाज त्यात दिला होता. साडेतीन वर्षांत गजरांशी संबंधित ९८ घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावला होता. आवाज कमी केलेला, बंद केलेला, किंवा चालू असूनही कोणाच्या कानापर्यंत न पोचलेला. तिथल्या परिचारिका प्रशिक्षित असतात, पगारी असतात, आणि त्यासाठीच रात्री जाग्या असतात. त्यांचे कान जर गजराला सरावतात तर काकांनी काय घोडे मारले आहे?

तरीही हा सगळा परदेशी अनुभव झाला. खोटा गजर टाळण्याच्या कलेत आपण कोणाचे शिष्य नाही. घड्याळ यायच्या कितीतरी आधी आपण गजराचे मूळच कापले होते: आजाराचे नावच घ्यायचे नाही. ‘तिला अधूनमधून चक्कर येते’, ‘उपास सोसत नाही’, ‘लहानपणी पडली होती’. झटका आलाच तर कांदा हुंगवावा, कांदा नसेल तर चप्पल, आणि हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा. दोन-तीन मिनिटांत झटका आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते. इतके यश कोणत्या सेन्सरला मिळाले आहे? दातांमध्ये चमचा घालून दात पाडणारेही लोक आहेत, तेही सद्हेतूनेच. बाकी ज्यांना पुस्तकी वळण हवे असेल ते माणसाला कुशीवर वळवतात, गळ्याभोवतीचे कपडे सैल करतात, तोंडात काहीही घालत नाहीत, घड्याळाकडे पाहत वेळ मोजतात आणि पाच मिनिटे उलटली की रुग्णवाहिका बोलावतात. यात पाहणाऱ्यांना काही करमणूक नाही, म्हणून हा प्रकार लोकप्रिय झाला नाही.

लग्नाच्या बाबतीत तर आपली शांतता कायद्यालाही पुरून उरली. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार झटके हे लग्नाच्या आड येणारे कारण म्हणून घातले गेले. १९९९ मध्ये तो शब्द काढून टाकला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये सांगितले की अपस्मार हा असाध्य रोग नाही, मानसिक विकार नाही आणि घटस्फोटाचे कारणही नाही. संसदेने आणि न्यायालयाने एवढे कष्ट घेतले, पण स्थळे पाहणाऱ्या आपल्या मावश्या-आत्यांनी मूळ भूमिका सोडलेली नाही. म्हणून मुलीच्या मनगटावरचे ते घड्याळ कांदेपोह्यांच्या दिवशी काढून ठेवले जाते. त्या दिवशी खोट्या गजराचा धोका उरत नाही. खऱ्याचाही.

गोळ्या वेळेवर घेतल्या तर काय होईल, असा एक प्रश्न अधूनमधून निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि उपचार मिळाले तर अपस्मार असलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. जगात असे सुमारे पाच कोटी लोक आहेत. म्हणजे खरे गजर कमी करण्याचा उपाय मेडिकलच्या दुकानात आधीपासून पडून आहे. पण तो रोज, न चुकता, वर्षानुवर्षे करावा लागतो, आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करता येत नाही. शिस्तीची इतकी सक्ती नागरिकांवर करणे योग्य नव्हे.

फोन बनवणाऱ्यांचे ऋणही इथे मानले पाहिजे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन पडद्याआड चालणारी ॲप न विचारता बंद करतो. कोणते ॲप जीव वाचवते आणि कोणते कोथिंबिरीवर सवलत देते, यात तो भेदभाव करत नाही. रात्री बारानंतर, सगळे झोपल्यावर, तो हे काम निमूटपणे उरकतो. कोथिंबिरीचे ॲप सकाळी पुन्हा उघडले की उत्साहाने जागे होते. झटक्याचे ॲप जागे आहे की नाही, हे रोज रात्री एकदा पाहायचे असते. ब्लूटूथ जोडलेले आहे का, चार्ज किती आहे, हेही. पण जे यंत्र आपल्यावर लक्ष ठेवायला आणले त्याच्यावर आपणच लक्ष ठेवायचे, हा व्यवहार कोणाही स्वाभिमानी ग्राहकाला पटणार नाही.

आता थोडे पुढचे पाहू. या चळवळीला पाठिंबा म्हणून आमच्या काही नम्र सूचना आहेत. पहिली: गजर फक्त झटका आलेल्या माणसाच्याच मनगटावर, हलक्या थरथरीच्या रूपात व्हावा. तो त्या वेळी बेशुद्ध असतो, त्यामुळे त्याचीही झोपमोड होणार नाही. दुसरी: रात्रीच्या सगळ्या घटनांचा एकत्रित अहवाल सकाळी नऊ वाजता, कार्यालयीन वेळेत, ईमेलने यावा, ‘काल रात्री २ वाजून ४० मिनिटांनी आपल्याला झटका आला असण्याची शक्यता आहे, कृपया अनुभव कसा वाटला ते कळवा.’ तिसरी: अपस्मार असलेल्यांनी ताक, तबला, अंडी आणि आरती यांपासून लांब राहून यंत्राला सहकार्य करावे. यंत्र माणसाला समजून घेईपर्यंत थांबण्यापेक्षा माणसाने यंत्राला समजून घेतलेले केव्हाही स्वस्त पडते.

इथपर्यंत सगळे ठीक चालले आहे. मात्र एका धोक्याकडे नागरिकांचे लक्ष वेधणे आमचे कर्तव्य आहे, आणि तो धोका पुन्हा त्याच तिसऱ्या मजल्यावर आहे. वहिनींनी सोसायटीचा ठराव पाळला. फोनचा आवाज बंद केला आणि फोन उशीखाली ठेवला. थरथरला की त्या उठतात. पाहतात. काही नसेल तर परत झोपण्याआधी ॲपमध्ये ‘खोटा गजर’ हे बटण दाबतात आणि पुढे कारण लिहितात: खाजवत होती, कूस बदलत होती, रात्री उशिरा वही खोडत होती. खरा असेल तर तेही लिहितात, किती मिनिटे, कोणता हात आधी. जगभरात त्यांच्यासारखे लोक अशा नोंदी करत बसले आहेत आणि त्या नोंदी पुढच्या आवृत्तीला शिकवण्यासाठी वापरल्या जातात. दात घासणे कसे दिसते आणि झटका कसा दिसतो, हे यंत्राला कोणी तज्ज्ञ एकट्याने सांगू शकत नाही. ते झोपमोड झालेल्या माणसांनी सांगावे लागते. ज्यांनी गजर बंद केला त्यांच्याकडून यंत्राला शिकण्यासारखे काही मिळाले नाही.

परिणाम दिसू लागले आहेत. त्या घरी पूर्वीपेक्षा कमी वेळा फोन थरथरतो, आणि थरथरला तर पूर्वीपेक्षा अधिक वेळा त्याला कारण असते. हे असेच चालू राहिले तर एक दिवस असा येईल की खोटे गजर खरोखरच विरळ होतील आणि जो वाजेल तो बहुधा खराच असेल. त्या दिवशी समोरच्या दारातल्या माणसाला कूस बदलण्यासाठी कोणतेही कारण उरणार नाही. आपल्या तक्रारीचा हेतू हाच होता का, याचा विचार सर्व सभासदांनी वेळीच करावा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत वहिनींच्या त्या नोंदींविरुद्ध ठराव आणावा. सूचक म्हणून काकांचे नाव आलेच आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.